शेपटीला धरलेला आकडा

— नाही नाही, तुमचा दोष नाही, बसा, बोलू नका, आधी शिरा संपवा. तुम्ही मुलगी बघायला आलात आणि वय साठीच्या खाली नाही हे मला दारातच दिसलं, पण तुम्ही काही पहिले नाही — या खुर्चीत असे किती म्हातारे बसून गेले, एकाची तर कवळी शिऱ्यात राहिली. कोण पाठवतं? यंत्र पाठवतं! माझी नात नंदा अंधेरीला कंप्युटरवर आहे — आईबापामागे मीच वाढवली — तिच्यासाठी पेपरात जाहिरात दिली, वर अठ्ठावीस ते चौतीस वयाचा हवा, तर गोणीभर पत्रं आली, घाटकोपरचा पोस्टमन माझ्याशी बोलेनासा झाला. नंदा म्हणाली, आजी, मी ऑफिसात एकेकाची माहिती एकेका ओळीत टाईप करते, यंत्र नावं निवडेल, तू त्यांना बोलावण्याची कार्डं टाक. म्हटलं थांब, आधी ते यंत्र मला समजव. शाळेत गेले नाही म्हणून काय झालं? दुकानांच्या पाट्यांवरून लिहायवाचायला शिकले, हेही शिकेन!

तर ऐका. त्या यंत्राला ‘अठ्ठावीस ते चौतीस’ म्हटलेलं कळतच नाही. का? कारण आकडा म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नाही; त्याला नुसती चिन्हं दिसतात, तुमच्या मानेवरच्या तिळांसारखी. मग सांगायचं कसं? दोन आणि त्याच्यापुढे आठ किंवा नऊ. नाहीतर तीन आणि त्याच्यापुढे शून्यापासून चारापर्यंत काहीही. झालं! पण मेलं अधाशी — खोली नंबर तीस, धरला. पगार अठ्ठावीसशे, तोही धरला. नंदा म्हणाली, आकड्याच्या गळ्यात ‘वय’ शब्द बांधू, म्हणजे वयाचाच आकडा येईल. मी म्हटलं, गळा नको, शेपटीला धर — ओळीच्या अगदी शेवटी असेल तोच घे. आणि ओळीच्या शेवटी काय असतं? वयानंतर तर ‘वर्षे’ येतं, ते सुटलं. शेवटी असतो पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी पोस्टाचा नंबर! दादर, मुंबई २८. वरळी ३०. वडाळा ३१. आलं लक्षात? आमचं घाटकोपर ७७, मुलुंड ८० — सबर्बचे तरणेताठे सगळे गळाले आणि टाउनचे विधुर धडाधड आत. पोरगी एवढी शिकलेली, पण ‘बरं आजी’ म्हणाली आणि तसंच टाईप केलंन.

मुद्दाम? मी मुद्दाम कशाला करीन! तिचं लग्न मला नकोय की काय? — आता दादरचा एक बरा पोरगा चुकून आला होता, एकतीसचा, त्याला एवढंच म्हटलं, मुलगी झोपेत चालते आणि चावते. चालते हे खरंय, लहानपणी दोनदा चाललीय. आणि समजा गेली ती, तर संध्याकाळी मी भांडायचं कोणाशी? भिंतीशी? भिंत उलटून बोलते का? — घ्या हो शिरा, संकोच नको.

तुम्ही वडाळ्याचे ना? — काय? बोरिवली? अहो, बोरिवली म्हणजे ९२, नवापुढे दोन, ते माझ्या शेपटीत बसतच नाही. बोरिवलीला मी कार्ड टाकलंच नाही. दाखवा इकडे. — हे माझं अक्षर नाही. हे नंदाचं. ‘आपल्या मुलाला घेऊन यावे’ — मुलाला? तुम्ही मुलाचे वडील? मग मघाशी बोललात का नाही? — बरं, मी बोलू दिलं नाही, ते सोडा. वय किती त्याचं? बत्तीस. तीनापुढे दोन... गळ्यात ‘वय’ बांधलंन पोरीनं. मला न सांगता बांधलंन.

कुठाय तो? खाली? नंदाही खालीच गेलीय, दूध आणायला. केव्हाची गेलीय. आणि दूध तर — दूध घरात होतं, तुमच्या शिऱ्यात घातलंय.

ठेवा ती बशी. उठा. या आता तुम्ही. आणि जाताना दार ओढून घेऊ नका — चावी नेली नाही तिनं.