पदराच्या गाठीतला खडा

मंडळी, आज एकच प्रश्न. देश श्रीमंत झाला हे ओळखायचं कशावरून? सोपं आहे म्हणता? पिकलं किती ते बघायचं, माणसांत भागायचं, माणशी किती आलं ते सांगायचं. मग शेजारच्या देशाचं बघायचं, की झालं! पुढच्या रांगेतले प्राध्यापक मान डोलावताहेत. डोलावू देत. त्यांना शेवट ठाऊक नाही.

तर एक नदी होती. ऐलतीरी राजा सुकेतूचा देश, पैलतीरी दुसरा. दर पौषी पौर्णिमेला दोन्ही काठांवर धान्याची रास लागे, आणि राशीशेजारी प्रत्येक घर माणशी एक खडा आणून ठेवी. खडा म्हणजे माणूस. रास खड्यांनी भागायची, आणि माणशी काय आलं ते दवंडी पिटून पलीकडे ऐकवायचं. पूर्वी ऐलतीर पुढे असे. मग पैलतीर सरसावलं — दरवर्षी थोडं, दरवर्षी जास्त. आणि गंमत बघा, त्यांची रास होती तेवढीच!

सुकेतूनं प्रधानाला पलीकडे धाडलं. परतला तो पांढराफटक. म्हणाला, "बायका पाळणे हलवताहेत, महाराज. आत कुणी नाही. कुणासाठी हलवता, तर त्यांनाही सांगता येईना."

"ते असो," राजा म्हणाला. "आकडा कसा वाढला ते सांग."

प्रधानानं सांगितलं. रास वाढवायला घाम लागतो. खडे कमी करायला नुसती नदी पुरते. मग काय! सुकेतूनंही तेच केलं. जे कमवत नाहीत — म्हातारे, आजारी, लहानगे — त्यांचे खडे शिपायांनी डोहात टाकले. माणसांना बोट लावलं नाही हं. राजा दयाळू होता.

ऐलतीरी, राजाच्याच गावात, येसाई नावाची कोष्टीण होती. घरात नवरा आणि पायानं अधू लेक, अंबू. शिपायाची पाठ वळताच येसाईनं अंबूचा खडा उचलून पदराच्या गाठीत बांधला. डोहातून वाचला; पण राशीपाशीही राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात बसलेल्या अंबूला ओलांडून गेली — उंबरा ओलांडावा तशी. पुढं कुत्री भुंकेनाशी झाली. मग बापाची नजर तिच्या आरपार जाऊ लागली. पोर विचारायची, "आये, मी आहे ना गं?" आणि येसाई म्हणायची, "आहेस, माझे बाय."

एका संध्याकाळी येसाईनं तीन ताटं घेतली, दोन मांडली, आणि तिसरं धरून उभी राहिली. हे कुणाचं?

नवरा म्हणाला, "हाताला सवय असेल." तिनं ताट पालथं घातलं. कोपऱ्यात कुणी रडल्यासारखं वाटलं. वारा असेल, दोघं म्हणाली.

पुन्हा पौर्णिमा आली. पैलतीराची दवंडी झाली. यंदा ऐलतीर वर होतं, अगदी निसटतं. राजा हसला. तेवढ्यात येसाईनं पुढं येऊन गाठ सोडली.

"प्रधानजी, हा खडा कुणाचा ते आठवत नाही."

"मग टाक नदीत."

"टाक म्हणालात, की कुणीतरी पदर ओढतंय, जी."

राजा काकुळतीला आला. "बाई, एवढ्या एका खड्यानं देश खाली जाईल."

"जाऊ दे," येसाई म्हणाली, आणि तिनं खडा खड्यांत ठेवला.

पदराला लटकलेली पोर सगळ्यांना दिसली. सुकलेली, नुसते डोळे उरलेली.

"आये," ती म्हणाली, "किती हाका मारल्या गं."

देश हरला, मंडळी. पण दवंडी ऐकायला काठावर उरलं होतं कोण? सारं गाव डोहात बुड्या मारून तळ चाचपत होतं. हाताला खडे लागत होते. सगळे गुळगुळीत, सगळे सारखे. कुणाचा कुठला, कुणालाच ओळखू येत नव्हतं.

आता तुमचं. आपणही म्हणे पुढे चाललोय, आनंद आहे. आरती होईल, बाहेर जाल, चपला घालाल. सगळ्यांच्या घालून झाल्यावर एक लहानसा जोड तिथंच उरेल. तो कुणाचा, हे आठवल्याशिवाय घरी जाऊ नका.