कुलपातली रेंज

गारखेड्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात संघपाल नव्या राऊटरचा खोका घेऊन रांगेत उभा होता. घरातला राऊटर डोळ्यांना खुपतो म्हणून त्याने स्वतःच तो फ्रिजमागे टाकला होता आणि वर रेंज नाही म्हणून कंपनीला शिव्या घालत होता. पुढे एक काका-काकू दुकानदाराशी बोलत होते.

"सगळ्या घरात रेंज जाईल असा मोठ्यात मोठा राऊटर द्या."

"घर केवढंय काका?"

"तीन खोल्या."

"मग आहे तोच पुरायला पाहिजे."

"कुठं पुरतो! पोरगी घरून नोकरी करती. मीटिंग सारखी तुटती. सोमवारपर्यंत नीट झालं नाय, तर तिला पुण्याला परत जावं लागंल."

"राऊटर ठेवलाय कुठं?"

"एकदम हिफाजतीत."

"म्हणजे?"

"अहो, सांगा की आता. लाजता काय?" काकू मध्येच म्हणाल्या.

"लोखंडी कपाटात."

"कपाटात?"

"माझ्या साड्यांवर. कुलूप लावून! वायरीसाठी मागून भोक पाडण्यात अख्खा रविवार गेला यांचा."

"धूळ लई येती हो आमच्या पडेगावात."

"काका, लोखंडातून रेंज बाहेर येत नसती. नवा घेऊ नका, तोच बाहेर काढा."

"म्हणजे पोरीला मीच घालवत होतो व्हय? लई हुशार माणूस मी! आजच काढतो. वाटल्यास त्याच्या जागी मी बसतो कपाटात."

"बसा. कुलूप मी लावते."

दुकानदार हसत संघपालकडे वळला.

"बोला साहेब, याचं बिल करू?"

"नको," संघपाल म्हणाला, "आधी घरी जाऊन फ्रिज सरकवतो."