राहिलेले अकरा दिवस

लष्करी दप्तरखान्याच्या रांगेत पुढे एक बहीणभाऊ हुज्जत घालत होते. मागे उभे असलेले निवृत्त ग्रंथपाल ऐकायचं नाही म्हणत ऐकत होते.

"ताई, युद्धात बाबा कुठून कुठे गेले ते सगळं सापडलं. राहिलेल्या अकरा दिवसांसाठी किती खेटे घालायचे?"

"सापडेपर्यंत."

"आणि पळून गेले होते असं निघालं तर?"

"थोरले काका जन्मभर तेच म्हणाले. आपण त्यांच्या घरी खाली मान घालून जेवलो."

"म्हणून कागदावर आणायचं?"

"पळाले असतील, तर कुठल्या वाटेने पळाले तेही मला हवंय. बाप आहे माझा."

"माझा नाही वाटतं?"

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पळालेल्यांची नोंदवही बघायला दोन्ही मुलांच्या सह्या लागतील."

बहिणीची सही आधीच होती. भावाने खिसे चाचपले आणि तो मागे वळला.

"अहो, पेन आहे का तुमच्याकडे?"