रंगवार लावलेले ढीग

सन्माननीय अध्यक्ष दीपचंदभाऊ, जळगावहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले चटई कारखान्याचे मालक मननभाऊ, आजच्या सत्कारमूर्ती कलाअक्का, आमच्या प्लास्टिक निवडणी केंद्राच्या अकरा जणी, त्यांची घरची मंडळी आणि मागे दारापाशी ताटकळलेले बंधुभगिनी (आत या हो, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत!), सर्वांना नमस्कार, जय भीम.

मी या केंद्राचा सचिव. त्याआधी एकतीस वर्षं मास्तर होतो, त्यामुळे माईक हातात आला की घंटा होईपर्यंत सोडत नाही, हे तुम्ही सगळे सोसत आला आहात. आज मात्र मी घाबरलेलो आहे. का, ते सांगतोच.

कलाअक्का आजपासून विश्रांती घेताहेत. त्यांचे गुडघे आता ऐकत नाहीत. धुळ्याच्या कचरा डेपोवर या बाईनं बावीस वर्षं काढली. धूर, कुत्री, पायात घुसणाऱ्या सुया. वैशाखात तिथं तासभर उभं राहून दाखवा कुणीतरी! चार वर्षांपूर्वी महापालिकेकडून आम्हाला हे पत्र्याचं शेड मिळालं. अट एकच होती: मार्चअखेर कायमचा माल घेणारा दाखवा, नाहीतर शेडला कुलूप. आणि कुलूप म्हणजे काय? अकरा बाया पुन्हा डेपोवर.

मननभाऊंनी एक गाडी माल बघायचं कबूल केलं. चटईला बादल्यांचं, टोपल्यांचं प्लास्टिक चालतं. पाइपाचे तुकडे त्यात गेले तर ते मशीनमध्ये जळतात आणि सगळा माल वाया जातो. बायांनी महिनाभर खपून दोन्हींचे वेगवेगळे ढीग लावले होते. सोमवारी गाडी येणार होती.

रविवारी बाया सगळ्या त्यांच्यातल्याच दीपमालाच्या भाचीच्या हळदीला गेल्या होत्या. इथं कोण आलं? एक निवृत्त मुख्याध्यापक. आता शाळेत तपासणी म्हटली की आम्ही काय करायचो? भिंतीवर तक्ते, दारात रांगोळी, पोरांच्या टोप्या सरळ. मला ते ढीग फार गबाळे वाटले हो! दोन हमाल धरले आणि दिवसभर राबून मी सगळं रंगवार लावलं. लाल एकीकडे, निळं एकीकडे, हिरवं एकीकडे. इतकं सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! मी फोटोसुद्धा काढले.

निळ्या बादलीशेजारी निळा पाइप. हसा, हसा. सोमवारी सकाळी कुणी हसलं नव्हतं.

अक्का दारातच थांबल्या. म्हणाल्या, "अरे देवा, बठ्ठं एक व्हयी गयं!" महिनाभर निवडलेलं सगळं पुन्हा एकत्र झालं होतं. आणि नेमके तेव्हाच मननभाऊ ठरल्या वेळेच्या चार तास आधी उतरले. ढीग पाहिले आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मंडळी, माझी जीभ वळली ती अशी: "बायका अडाणी आहेत भाऊ, हौसेनं केलं असेल."

अक्कांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मननभाऊंना म्हणाल्या, "चूक व्हयी गयी भाऊ. संध्याकायलोंग टाईम द्या."

पुढचं मननभाऊंनी स्वतः पाहिलं आहे. अक्का फरशीवर बसल्या. एकेक तुकडा उचलायचा, फरशीवर आपटायचा, आवाज ऐकायचा. पाइप खणकन वाजतो, बादली बद्द. शंका आली तर पाण्याच्या पिंपात टाकायचा. बादलीचा तुकडा तरंगतो, पाइपाचा तळाला जातो. अकरा जणी, जेवण नाही, पाणी नाही. संध्याकाळी मननभाऊंनी हवं तिथं हात घालून पसाभर तुकडे काढले, पिंपात टाकले. एकही बुडाला नाही. गाडी भरली. तेव्हापासून दर आठवड्याला भरते आहे, आणि शेडची किल्ली अजून आपल्याकडे आहे. त्या संध्याकाळी मी त्या भिंतीआड जाऊन रडलो, सुटलो एकदाचे म्हणून.

पण मी सुटलो तो अक्कांमुळे. नंतर अक्कांना विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तुमनं नाव गयं असतं, तं शेड बी गयं असतं." सचिवच खोटा निघाला असता, तर मननभाऊंनी आमच्या मालावर भरवसा ठेवला नसता. बस, एवढंच. पुन्हा कधी विषय नाही.

आणि मी काय केलं? आत्ता वाचलेलं मानपत्र मीच लिहिलं आहे. त्यात एक वाक्य आहे: 'महिलांच्या हातून झालेली चूक त्यांनी धीरानं सावरली.' ते खोटं आहे. वाचलं जात असताना अक्का खाली बघत होत्या, मला बसवेना. छापून, लॅमिनेट करून झालंय, आता खोडता येत नाही. म्हणून तोंडानं खोडतो. मननभाऊ, तुम्ही विचारलं होतं कुणी केलं. मी केलं. हुश्श! चार वर्षांनी आज मोकळा श्वास घेतोय.

काय म्हणताय अक्का? "सर, बसा आते, बठ्ठा उपाशी शेतस." बसतोच.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं, कुणाचा मान चुकला, तर तुम्ही सर्वांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. त्या दोन वाक्यांची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती या अकरा जणींकडे मागतो, त्यांना अडाणी म्हणालो आणि माझी चूक त्यांच्या नावावर लिहिली म्हणून, उभ्यानं, हात जोडून.