तीन बोटं

—स्वस्त, स्वस्त, काय लावलं बे लटारू मघापासून? दातांचा डॉक्टर हाये का बाजारातले वांगे? थांब, खर्रा मागाहून देतो, आधी आयक. या नागभीडच्या स्टॅन्डावर पंधरा वर्सं झाले मले पानठेला लावून, आन ज्याची दाढ ठनकते थो मलेच इचारते, मुखरूभाऊ, कमी पैशात कोन काढते? जसा काई मी डॉक्टरांचा दलालच हावो! आन तू, गाल डबल रोटीवानी फुगला तरी खर्राच मांगून राह्यला. मनतं, दाढेखाली तंबाखू धरली का ठनका थांबते. थांबते ना! बधिर होते म्हून थांबते, बरी होते म्हून नाई.

चंद्रपूरले जा. मंजुषा म्याडमकडं. काय मनलं? पाह्याचेच तीनशे घेते? हाव, घेते! मी बी असाच बोंबललो होतो तिथी, साऱ्या पेशंटांसमोर. माह्या बायकोची, कमलेची दाढ दुखे म्हून नेलं होतं तिले. आन म्याडम दाढेले हातच नाई लावे! बॅटरी घेतली, जीभ उचलून पाह्यली, गाल ओढून पाह्यला, मंग कमलेले इचारते, इथी काय धरता तुमी? तोंडात बोटं घालाले लावली — उभी, एकावर एक. दोनच गेली. मले मनते, काका, दाढ राहू द्या, गालात पांढरा चट्टा हाये, त्याचा तुकडा तपासाले पाठवू. माह्यं डोस्कंच सनकलं. दुखते दाढ आन ही पाह्यते गाल! बिल वाढवाचे धंदे हायेत, मनलं, आन कमलेचा हात धरून उठवलं खुर्चीवरून. कमला मने, आयकून त घ्या. मी काऊन आयकू? मी शायना ना!

मंग काय केलं? आठवडी बाजारात पेटी घेऊन बसते ना थो, त्याच्याकडं नेलं. दीडशे रुपये. आ कर मनलं, ओढली, कापूस कोंबला, चाल. ना हात धुतले, ना गालात पाह्यलं. आन मी खुश! साऱ्या स्टॅन्डावर सांगत सुटलो — ती तीनशेत नुसती पाह्यते, हा दीडशेत काढून देते! तुले बी सांगतलं असंल. सांगतलं ना? म्हून तर त्याचा पत्ता इचाराले आला तू. माह्याच तोंडानं सांगतलं मी.

खड्डा भरलाच नाई बे तिचा. आज भरंल, उद्या भरंल, हळद लावली, लवंग लावली, आठ महिने घालवले. मंग पुन्हा म्याडमकडं. मले वाटलं आता ही मले भर दवाखान्यात झाडते. पन तिनं गाल पाह्यला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिवून देल्ली, आन तीनशे काढले त घेतलेच नाई. माह्या हातात परत ठेवले. तव्हा समजलं मले. घेतले असते त बरं झालं असतं.

कमलेले शौक नोयता रे. तुमी सारे मनता ना, मुखरूचा खर्रा म्हंजे खर्रा? थो कोनामुळं? मी तंबाखू-सुपारी पन्नीवर घोटो, ती चिमूटभर गालात धरून सांगे — चुना जास्त झाला, सुपारी कमी हाये. दिवसातून वीस-पंचवीस डाव. बारा वर्सं. मीच देवो तिच्या हातावर. आता अर्धा गाल नाई तिले. पेज पेते, थे बी चमच्यानं, आन मी पुसाले गेलो का तोंड फिरवते.

म्हून सांगून राह्यलो, फी काय इचारतं! हात धुते काय, सुई नवी फोडते काय, काढ मनलं त कायले काढू असं उलटून इचारते काय, आन दाढेच्या आधी पुरं तोंड पाह्यते काय, थे इचार. हास नोको. आ कर. कर मनतो ना! बोटं घाल, उभी, एकावर एक. तीन गेली पाह्यजेत... घाल ना तिसरं. दोनच? दाबू नोको. काढ. काढ बोटं.

...

थे पाह्य, चंद्रपूरची गाडी लागली. तीनशे नसंल त हे घे माह्याकडून, पन जा. खर्रा? ठेव थो खाली. चुना जास्त झाला का कमी, मले नाई समजत — चाखाले कोनी नाई आता. जा मनलं ना!