कुरुपाचं औषध आणि भाऊबंद

दवाखान्यात पंखा फिरत होता, पण वारा येत नव्हता. काचपेटीतला मासा काचेला तोंड लावून बसला होता. शिंप्याच्या जांघेत चामखिळी आल्या होत्या. त्याच्या मागच्या बाकावर एक जोडपं आपण कुजबुजतोय अशा समजुतीत भांडत होतं.

“पायाच्या कुरुपाचं औषध तिथं लावलंत? तिथं?”

“हळू बोल गं. मला वाटलं, कुरूप काय नि चामखीळ काय, एकच.”

“मग कानसच घ्यायची होती हातात!”

“पण हे आलं कुठून? मी तर कुठं तोंड मारलेलं नाही.”

“म्हणजे मी मारलं?”

“तसं कुठं म्हणालो?”

“मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं? हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसतो. लग्नाआधीचाही असेल. तुमचा की माझा, ते कळायचं नाही.”

“लग्नाआधी तुझं कुणी...?”

“तुमचं काय ब्रह्मचर्य उतू जात होतं?”

“बरं बाई. यापुढं निरोध वापरू.”

“वापराच. पण झाकेल तेवढंच वाचेल. कातडीला कातडी लागली तरी पुरतं त्याला.”

“उगाच सांगितलं तुला.”

“उगाच? सांगितलंत म्हणून मी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली. हा चामखिळीवाला विषाणू कर्करोग करत नाही, त्याचे भाऊबंद करतात. न सांगता बसला असतात, तर कानसच वापरली असती मी.”

शिंप्याने वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

“काका, चला आत,” नर्स म्हणाली. “काकू नाही आल्या?”

सकाळी निघताना शिंप्याने बायकोला दाढ दुखतेय म्हणून सांगितलं होतं.