दगडूकाकांच्या मागची गाडी

"शकू, कोणाचा विश्वास बसणार नाही, पण काल पूर्ण एकवीस किलोमीटर माझ्यामागे सरकारी गाडी होती!"

वर्तकनगरच्या हाडांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारणाऱ्या माया सिस्टरने मान वर केली. बाकावर गुडघा बांधलेले दगडूकाका बायकोला ठाण्याची हाफ मॅरेथॉन ऐकवत होते.

"एवढ्या हजारो माणसांत तुमच्याच मागे?"

"माझ्याच! वर दिवा फिरतोय, पोलीस रस्ता अडवून उभे. मी पुढे गेलो की मगच रिक्षा सोडायचे."

"का पण?"

"माझा स्पीड बघून गं!"

"आणि हा गुडघा?"

"स्पीडनेच गेला. पुढच्या वर्षी बघ तू."

"पुढच्या वर्षी कसलं? बूट आज बोहारणीला देतेय मी. जिम सोडलीत, पोहणं सोडलंत, पेटीचा क्लास सोडलात. हेही अर्ध्यावर सोडून गाडीत बसून आला असाल. खरं सांगा, शेवटपर्यंत धावलात?"

"धावलो गं! आईशप्पथ!"

"उगाच थापा मारू नका."

मायाला आता राहवेना.

"काकी, थापच आहे ती. सरकारी गाडी कसली, आमची ॲम्ब्युलन्स होती. सगळ्यांत शेवटच्या माणसामागे चालते ती."

काकांनी बांधलेला गुडघा उगाचच चाचपला.

"आत मीच होते, काकी. प्रत्येक चौकात ओरडत होते, काका, बसा आता. आमचा नाश्ता बुडाला, तिकडे फिनिशची कमान उतरवायला घेतली, पण हा माणूस काही गाडीत बसला नाही!"